खत कुठल्या रानात? माती परीक्षणाच्या नोंदी, पलूस तालुका, २०२५

२ मार्च २०२५

रानाचे तीन तुकडे, मिळून ३ एकर ३० गुंठे. घरामागचं ५० गुंठे, विहिरीचं ६० गुंठे, ओढ्याकडचं ४०. घरामागच्यातला हरभरा निघाला, विहिरीच्यातला शाळू काढून झाला, ओढ्याकडचा उसाचा खोडवा फेब्रुवारीत तुटून गेला. तिन्ही रानं एकदम मोकळी सापडण्याचा योग वर्षातनं एकदाच येतो, म्हणून आजच नमुने काढले.

यंदा विहिरीच्या रानात हळद करायची आहे. रासायनिक खत बंद केल्याचं हे तिसरं वर्ष. आमच्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटाच्या बैठकीत दरवेळी प्रत्येकजण किती ट्रॉल्या शेणखत टाकलं ते सांगतो, पण का टाकलं ते कुणी सांगत नाही. मीही त्यातलाच. यंदा आधी माती बघायची आणि मग ट्रॉली भरायची, असं ठरवलंय. वही त्यासाठीच घातली आहे.

२०१७ चं मृद आरोग्य पत्रिकेचं कार्ड आबांच्या ट्रंकेत सापडलं. त्यात आमच्या तिन्ही रानांचे आकडे एकच. आधी हसू आलं, मग ध्यानात आलं की त्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरला एक नमुना घेतात. म्हणजे त्या पिशवीत आमच्या रानाबरोबर शेजाऱ्याचीही माती असणार. गावाचा अंदाज बांधायला ते ठीक आहे. माझ्या ट्रॉलीला त्याचा उपयोग नाही.

नमुना असा काढला: नागमोडी चालत प्रत्येक रानात बारा जागा. वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची खाप वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. बांध, उकिरड्याची जागा, बाभळीची सावली, ठिबकच्या नळीखालची ओल सगळं टाळलं. जस्त आणि लोहही तपासायचं असल्यामुळे गंजकं खुरपं नको म्हणून शेवटची माती लाकडी पट्टीने खरवडली, घमेल्याऐवजी प्लास्टिकची पाटी घेतली. मग ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच.

विहिरीच्या रानाचा वरचा कोपरा पांढरट आहे, चुनखडीचे खडे हाताला लागतात. तो नमुन्यातनं वगळला. दोन जातीची माती एका पिशवीत घातली की येणारा आकडा दोन्ही रानांना लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट केली, ती घरात कुणाला सांगितली नाही. विहिरीच्या रानाचा एकच नमुना दोन पिशव्यांत घातला. एकीवर ‘विहीर’, दुसरीवर ‘माळ’. माळाचं रान आमच्याकडे नाहीच. प्रयोगशाळेच्या आकड्यात इकडेतिकडे किती होतं ते बघायचंय.

९ मार्च

नमुने सावलीत वाळवून, ढेकळं लाकडी मोगरीने फोडून, चाळून दिले. चार पिशव्या. पिशवीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, बाहेरून परत नाव. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), चुनखडी, जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबे एवढं सांगितलं. ओढ्याकडच्या नमुन्याला विनिमययोग्य सोडियमही मोजायला सांगितलं. साध्या तपासणीत तो धरत नाहीत, वेगळा मागावा लागतो.

२१ मार्च

अहवाल आला.

विहीर: सामू ८.२, क्षारता ०.२७, कर्ब ०.४१ टक्के, नत्र १६८, स्फुरद ११, पालाश ३५८, चुनखडी ११ टक्के. जस्त ०.४८ पीपीएम, लोह ३.१ पीपीएम.

ओढा: सामू ८.८, क्षारता १.४, कर्ब ०.५२, स्फुरद १६, पालाश ५१०. सोडियम १८ टक्के.

घरामागचं: सामू ७.९, क्षारता ०.४६, कर्ब ०.९४, नत्र २६३, स्फुरद ९७, पालाश ६९०.

नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी किलोत. वाचताना एक बघावं लागतं, स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात दिलाय की ऑक्साइडच्या. दोन्हींत २.२९ पटीचा फरक पडतो, आणि खताच्या शिफारशी ऑक्साइडच्या रूपात असतात. आमच्या अहवालात मूलद्रव्य आहे. गटातल्या एकाने मागच्या साली हे दोन्ही आकडे एकमेकांतनं सरळ वजा केले होते.

९७ वाचून मी थांबलो. आपल्याकडे ३५ च्या वर स्फुरद गेला की ‘अत्यंत जास्त’ म्हणतात. ९७ हा मातीचा आकडा वाटेना. आईला विचारलं, माती कशावर वाळवली? म्हणाली, “गोठ्याच्या वळचणीला रिकामं पोतं होतं, त्यावर.” पोतं बघितलं. डीएपीचं, म्हणजे स्फुरदाच्या रासायनिक खताचं. तीन वर्षं घरात खताचा दाणा नाही, पण पोती राहिलीत. त्यांवर गहू वाळतो, शेंगा वाळतात, पाऊस आला की तीच डोक्यावर घेऊन माणसं पळतात. चूक आईची नाही. नमुना वाळवायला दुसऱ्याच्या हातात दिला तो मी.

घरामागचा नमुना परत काढायचा.

‘माळ’ची गंमत: कर्ब ०.४६, स्फुरद १२.६. एकच माती, एकच पाटी, आणि कर्बात ०.०५ चा फरक. प्रयोगशाळेचा दोष आहे असं वाटत नाही, मोजणीत एवढं इकडेतिकडे होणारच. पण आता एक ठरलं. पुढच्या वर्षी कर्ब ०.४१ चा ०.४५ झाला तर मी गटात पेढे वाटणार नाही.

२३ मार्च

घरामागचा नमुना परत काढला. या वेळी कागदावर, माडीवर, कुलपात.

२ एप्रिल

फेरतपासणी: स्फुरद ४४. पोत्याने आकडा दुपटीहून फुगवला होता हे खरं. पण पोतं काढून टाकल्यावरही तो ‘अत्यंत जास्त’ मध्येच राहिला.

रात्री आबांबरोबर बसून हिशेब मांडला. गोठ्यात दोन म्हशी, तीन गाई, दोन कालवडी. वर्षाला साधारण दहा ट्रॉल्या शेणखत होतं. आजवर त्यातल्या सहा घरामागं, तीन विहिरीच्या रानात, एक ओढ्याकडं. “का?” म्हटलं. आबा म्हणाले, “जवळ आहे म्हणून.” आज्याच्या वेळी बैलगाडी होती, विहिरीचं रान दीड किलोमीटरवर, मधे ओढ्याचा चढ. बैल दमतात म्हणून गाडी घरामागंच रिती व्हायची. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी वाट तीच राहिली.

अहवाल कर्बाचा, स्फुरदाचा म्हणून वाचत होतो. आता तो आमच्या घराण्याच्या खत वाहण्याचा नकाशा वाटायला लागलाय. कर्ब गोठ्याजवळ ०.९४ आणि दीड किलोमीटरवर ०.४१.

६ एप्रिल

खताचीही तपासणी केली. मातीचा पैसा खर्चायचा आणि त्यात जे टाकायचं त्याचा अंदाज बांधायचा, हे मला पटत नाही. ट्रॉली उसाच्या वजनकाट्यावर नेली. भरलेलीतनं रिकामी वजा जाता २.६ टन. ओल ४५ टक्के. वाळलेल्या खतात नत्र ०.९, स्फुरद ०.५, पालाश १ टक्का, स्फुरद-पालाश ऑक्साइडच्या रूपात. म्हणजे एका ट्रॉलीत साधारण १३ किलो नत्र, ७ किलो स्फुरद, १४ किलो पालाश. सगळेजण “ट्रॉली टाकली” म्हणतात; पावणेदोन टन पण ट्रॉलीच आणि तीन टन पण ट्रॉलीच. अर्धी ट्रॉली तर पाणीच.

हळदीची शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० स्फुरद, १०० पालाश. आमच्या ६० गुंठ्यांना, म्हणजे ०.६ हेक्टरला, १२०, ६०, ६०. माती परीक्षणानुसार ‘कमी’ असेल तर पावपट वाढवायचं आणि ‘अत्यंत जास्त’ असेल तर निम्मं करायचं. नत्र कमी म्हणून १५०. स्फुरद कमी म्हणून ७५. पालाश ३०० च्या वर म्हणून ३०.

दहातल्या सात ट्रॉल्या विहिरीच्या रानाला धरल्या: ९० किलो नत्र, ५० स्फुरद, १०० पालाश. पालाश गरजेच्या तिपटीहून जास्त गेला. नत्र कागदावर ९०, पण शेणखतातलं नत्र पहिल्या वर्षी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच पिकाला मिळतं. म्हणजे ३०.

सेंद्रियवाल्यांची खरी अडचण इथं आहे. युरिया म्हणजे नुसतं नत्र. शेणखतात मात्र तिन्ही एकत्र बांधून येतात. नत्र पुरं पडावं म्हणून ट्रॉल्या वाढवत गेलं की स्फुरद आणि पालाश साचत जातो. घरामागं तेच झालंय. म्हणून नत्राचा खड्डा अशा वस्तूने भरायला हवा जिच्याबरोबर स्फुरद-पालाश फारसा येत नाही. एक, ताग, म्हणजे रानातच वाढवून गाडायचं हिरवळीचं खत. वेळेवर गाडला तर ०.६ हेक्टरला ४० किलो नत्र धरतो. दोन, निंबोळी पेंड, ५ टक्के नत्र. बारा गोण्या, ६०० किलो, म्हणजे ३० किलो.

३०, ४० आणि ३०. शंभर झाले. दीडशेच्या मागं लागणार नाही. शिफारशीचा आकडा रासायनिक खताच्या चाचण्यांतनं आलेला, त्यात वाहून जाणारं, उडून जाणारंही धरलेलं असतं.

जीवामृताचं काय, असं गटात विचारलं गेलं. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ. सगळ्यातलं नत्र मिळून पाव किलोच्या आतबाहेर. जिवाणूंसाठी करत असाल तर करा, मीही करतो. पण वहीत त्याच्या नावापुढं नत्राच्या रकान्यात शून्य लिहिलंय. यावर थोडी वादावादी झाली.

८ एप्रिल

ताग पेरला. विहिरीच्या रानात ३५ किलो बी. पाणी देऊन उगवून घ्यायचा. फुलकळी दिसायला लागली, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, की गाडायचा. म्हणजे २५ मेच्या आसपास.

१३ एप्रिल

स्फुरदाचा विचार. गटातल्या तात्यांनी रॉक फॉस्फेट सुचवलं. सेंद्रियमध्ये चालतं, स्वस्त पडतं, आणि कोकणातल्या आंबट मातीत ते कामाचंही आहे. पण रॉक फॉस्फेट विरघळायला आम्ल लागतं. माझा सामू ८.२, चुनखडी ११ टक्के. ते रानात टाकणं म्हणजे दगड टाकून दगडच काढणं. टाकायचंच तर उकिरड्यात, खत कुजताना जी आम्लं तयार होतात त्यांच्या संगतीत तीन-चार महिने. यंदा तेवढा वेळ नाही. थोडं आणून पुढच्या वर्षीच्या ढिगात थर द्यायला ठेवलं.

साखर कारखान्याच्या मळीत, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, स्फुरद चांगला असतो. पण तो ऊस रासायनिक, गटाच्या नियमांत ती कशी बसवायची यावर दोन बैठका झाल्या आणि एकमत झालं नाही. सोडून दिलं.

यंदा मग शेणखतातला ५० किलो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, एकरी २ किलो, खतात कालवून. जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, मातीत अडकलेला मोकळा करतात. आमच्या चुनखडीत अडकलेला भरपूर आहे.

राख टाकायचा सल्ला तिघांनी दिला. पालाश ३५८, सामू ८.२. राखेत पालाश असतो आणि ती सामू वाढवते. तिघांनाही चहा पाजला.

१७ एप्रिल

जस्त ०.४८, मर्यादा ०.६. लोह ३.१, मर्यादा ४.५. दोन्ही कमी. सामू आणि चुनखडी बघता नवल नाही. झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट सेंद्रियमध्ये सरसकट नाही चालत, परीक्षणात कमतरता दिसली तरच आणि गटाच्या परवानगीने. अहवालाची प्रत गटाच्या वहीला जोडली. १५ किलो झिंक सल्फेट, १५ किलो फेरस सल्फेट. उघड्या मातीत टाकलं की चुनखडी धरून बसते, म्हणून एका ट्रॉलीच्या चांगल्या मुरलेल्या खतात कालवून, ओल ठेवून, झाकून दहा दिवस मुरवायचं. लावणीच्या आधी.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

गावात बऱ्याच जणांनी आज मुहूर्तावर हळद टाकली. आमचा ताग गुडघाभर. आबा दोनदा बांधावर जाऊन आले, काही बोलले नाहीत.

३ मे

ओढ्याकडं धैंचा पेरला, तेही हिरवळीचं खतच. या रानाची गोष्ट वेगळी आहे, एका नोंदीत मावत नाही, तरी लिहून ठेवतो.

सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. पाऊस पडला की माती साबणासारखी चिकट, वाळली की दगड, वर काळपट पांढरा थर. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठाने असली रानं हजारो एकर आहेत. पाटाचं पाणी, वर्षानुवर्षं ऊस, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. दुकानात गेलं की जिप्सम देतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतो, हे खरं. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर खाली आणि बाहेर गेला पाहिजे. खाली चार फुटांवर पाणी उभं असेल तर तो जाईल कुठं? उन्हाळ्यात परत वर येतो. आधी निचरा, मग जिप्सम. सच्छिद्र पाइपच्या निचऱ्यावर कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात काम झालेलं आहे, पण एका शेतकऱ्याने आपल्या चाळीस गुंठ्यांत पाइप गाडून भागत नाही, पाणी सोडायला पुढं सगळ्यांची मिळून चर लागते. शेजारच्या तिघांशी बोलणं सुरू आहे. एकाचा होकार.

तोवर जिप्समवर पैसा घालणार नाही. धैंचा चोपणात आणि पाण्यात दोन्हींत टिकतो, मुळं खोल जातात, आणि कुजताना निघणारी आम्लं मातीतल्याच चुनखडीतला थोडा कॅल्शियम मोकळा करतात. म्हणजे जिप्समचं काम गरिबाच्या घरी, हळूहळू. तीन ट्रॉल्या शेणखत इकडं.

रब्बीला हरभरा करू, असं चुलतभाऊ म्हणाला. हरभऱ्याला क्षार अजिबात सोसत नाहीत. गहू करू म्हटलं.

२७ मे

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जो पाऊस लागला तो थांबायला तयार नाही. रोहिणी बरसली म्हणायचं की मृग आधीच आला म्हणायचं, काही कळेना. काल पाऊस मुंबईत पोचलाही. ताग पन्नास दिवसांचा झाला, आज गाडायचा होता. ट्रॅक्टर रानात घालायचा प्रश्नच नाही, माणूस घोट्यापर्यंत रुततो. वाफसा नाही.

३ जून

वाफसा नाही. ताग डोक्याच्या वर गेला. फुलं.

९ जून

चार दिवसांच्या उघडिपीत ताग गाडला. बासष्ट दिवसांचा. देठ हातात घेऊन मोडायला गेलो तर मोडेना, सोलला गेला. वाख निघतो तसा. नको होतं ते झालं. कोवळा ताग पंधरा दिवसांत कुजून नत्र देतो. राठ झालेल्या तागात कर्ब जास्त, नत्र कमी. तो कुजवायला जिवाणू आधी मातीतलंच नत्र उचलतात. म्हणजे ४० किलो जमेला धरलेले, ते पहिले दीड-दोन महिने उधारीत. वहीतला ४० खोडून २० केला, शेजारी “ऑगस्टनंतर” लिहिलं.

१२ जून

घरामागं सोयाबीन. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, चोळलं. खत शून्य.

हे ‘शून्य’ लिहायला हात जड गेला, खोटं कशाला बोला. आबा स्पष्ट म्हणाले, बिनखताचं रान पेरणं हे उपाशी जनावर औताला जुंपण्यासारखं आहे. शेवटी तोड निघाली: बांधालगतचे पाच गुंठे त्यांच्या पद्धतीने, नेहमीसारखं खत घालून. बाकीचे पंचेचाळीस माझ्या पद्धतीने. ओढ्याकडच्या तीन ट्रॉल्यांतली अर्धी त्यासाठी काढली. काढणीला दोन्ही वेगळं मोजायचं.

२४ जून

हळद लावली. साडेचार फुटी गादीवाफे, सेलम जात, पंधरा क्विंटल गड्डे. सात ट्रॉल्या वाफ्यांवरच घातल्या, सगळ्या रानात उधळल्या नाहीत. त्यातली एक झिंक-फेरसची मुरवलेली, तिला जिवाणू लावले नाहीत. गावाच्या मानाने उशीर झाला, पण मेच्या पावसाने ज्यांची मुहूर्ताची हळद सडली त्यांच्यापैकी दोघे आमच्या बरोबरच दुसऱ्यांदा लावतायत.

चार वाफ्यांना खुणेच्या काठ्या पुरल्या. त्यांना निंबोळी पेंड द्यायची नाही. बाकी सगळं सारखं.

२० जुलै

उगवण चांगली. पण पानं फिकट, पोपटी. शेजारच्या रासायनिक हळदीपुढं आमची आजारी दिसते. येणारा जाणारा थांबून बघतो. तागाची उधारी. पेंड ठरल्यापेक्षा आधी देऊ का, यावर दोन दिवस घोळ घातला.

२३ जुलै

बारातल्या सहा गोण्या पेंड दिली. ठरवलं होतं ८ ऑगस्ट. काठीचे चार वाफे सोडून.

१६ ऑगस्ट

रंग धरला. काठीचे वाफे अजून फिके, पण जुलैपेक्षा बरे. म्हणजे तागही सुटायला लागला.

वायव्य कोपऱ्यात पिवळी पानं, शिरा तेवढ्या हिरव्या. उसात याला आपण केवडा म्हणतो, लोहाची कमी. अहवालात लोह कमी, पानावर केवडा, दुकानदार फवारणीची पुडी काढूनच बसलेला. पण पिवळेपणा फक्त त्या कोपऱ्यात का? फेरस तर सगळ्या वाफ्यांना सारखंच दिलंय. खुरप्याने उकरून बघितलं. मुळ्या तपकिरी, माती वास मारते. वाफ्यात पाणी तुंबलंय. मुळीला हवा नाही तर लोह असून ती उचलणार कशी. चर काढली, फवारणी केली नाही.

२२ ऑगस्ट

कृष्णेचं पाणी चढलं, ओढ्याला फुगवटा. ओढ्याकडच्या रानात कमरेएवढं पाणी. धैंचा गेल्या महिन्यात कापून तिथंच तुडवला होता, तो गेला वाहून की राहिला ते पाणी उतरल्यावर. २०१९ ला याच रानात चार बोटं गाळ बसला होता.

३० ऑगस्ट

पाणी उतरलं. धैंचाचे खुंट आहेत, पाला बराचसा गेला. दोन बोटं गाळ. मार्चचा अहवाल या रानापुरता जुना झाला. गव्हाआधी निदान सामू आणि क्षारता परत बघायची.

वायव्य कोपऱ्यात नवी पानं हिरवी निघतायत.

२६ सप्टेंबर

हळदीची भरणी. उरलेल्या सहा गोण्या पेंड, काठीचे वाफे सोडून. आता लांबून काठीचे वाफे ओळखू येत नाहीत, जवळ गेल्यावर उंचीत वीतभर फरक.

१२ ऑक्टोबर

सोयाबीनची मळणी. मशीन रात्री नऊला आलं, पावसाचं वातावरण, माणसं घाईत. मी गावात डिझेल आणायला गेलो होतो. परत येईपर्यंत आबांचे पाच गुंठे आणि माझे पंचेचाळीस एकाच ढिगात.

कुणाला काय बोलणार. आधी वेगळी पोती भरून खूण करून ठेवायला हवी होती, मशीन यायच्या आधी.

एकूण १२ क्विंटल ४० किलो. गेल्या साली याच रानात, सहा ट्रॉल्या घालून, १२ क्विंटल ९०. यंदा काढणीआधी पाऊसही जास्त. आबांच्या पट्ट्यातलं पीक उंच होतं आणि निम्मं लोळलं होतं, एवढं डोळ्याने बघितलेलं आहे. पण वजन नाही. म्हणून ‘खत न घालता तेवढंच आलं’ असं मी गटात सांगणार नाही, ‘फार कमी आलं नाही’ एवढंच. तेही एका वर्षाचं. घरामागच्या रानात साचलेलं किती वर्षं पुरेल ते स्फुरदाच्या आकड्यावरून बघत जायचं. ४४ चा २५ होईपर्यंत खत नाही, असं आज तरी ठरवलंय.

२ नोव्हेंबर

ओढा: सामू ८.६, क्षारता ०.९. पुराने क्षार धुऊन नेले की नव्या गाळाने आकडा बदलला, सांगता येत नाही. सोडियम मोजायला दिला नाही, पैसे वाचवले. आता वाटतं मोजायला हवा होता. गहू पेरतोय.

निचऱ्याच्या चरीला दुसऱ्या शेजाऱ्याचाही होकार. तिसरे म्हणतात, आधी तुम्ही काढा.

१४ डिसेंबर

गटाच्या बैठकीत ही वही फिरली. सर्वांत जास्त प्रश्न मातीवर आले नाहीत, ट्रॉलीच्या वजनावर आले. दोघांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या ट्रॉल्या काट्यावर नेल्या. एकाची १.९ टन निघाली, एकाची ३.१. पहिला म्हणाला, मी तीन वर्षं तुमच्याएवढंच खत टाकतोय असं समजत होतो.

कर्ब एका वर्षात किती वाढेल, हेही विचारलं. सात ट्रॉल्या म्हणजे १८ टन, वाळून १० टन, त्यात कर्ब ३ टनांच्या आसपास. त्यातला तीन चतुर्थांश वर्षभरात कुजून उडून जातो असं धरलं तर उरला ७५० किलो. ०.६ हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साडेतेरा लाख किलोच्या घरात. भागाकार केला: ०.०५५ टक्के. ‘विहीर’ आणि ‘माळ’ या दोन पिशव्यांत जेवढा फरक निघाला होता, साधारण तेवढाच. म्हणून विहिरीच्या रानाचा कर्ब मी २०२८ च्या आधी मोजणार नाही. स्फुरद, जस्त दरवर्षी.

१८ जानेवारी २०२६

हळदीचं पाणी हळूहळू तोडायचंय, खालची पानं वाळायला लागलीत. काढणी मार्चमध्ये. काठीच्या चार वाफ्यांची हळद वेगळी काढायची, वेगळी शिजवायची, वेगळी वाळवायची. काहिलीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं, आणि वहीत त्याचा फोन लिहिला. पोत्यांवर लाल रंगाने ‘काठी’ लिहून ती माडीवर ठेवलीत. डीएपीची एकही नाही, तपासून घेतली.

उकिरड्याच्या ढिगात ऑक्टोबरमध्ये रॉक फॉस्फेटचे थर दिले होते, ते उलथून घेतले. आतलं खत गरम आहे. यंदा दोन कालवडी विकल्या, म्हणून नऊच ट्रॉल्या होतील. पाच विहिरीला, चार ओढ्याला. आबा म्हणाले, ओढ्याचा चढ आधी मुरूम टाकून नीट करून घे, भरलेली ट्रॉली मागं घसरते तिथं. मुरमाच्या दोन ट्रॉल्या सोमवारी येणार आहेत.